साखरेचा रेक भरायचा तर: बेळगाव पट्ट्यातल्या मालधक्क्यावरचा हिशेब

बीसीएन जातीच्या बंद वाघिणींचा, म्हणजे मालगाडीच्या डब्यांचा, पूर्ण रेक म्हणजे ४२ वाघिणी. वाघिणीमागे ६३ टन धरले तर २,६४६ टन, म्हणजे ५० किलोची जवळपास त्रेपन्न हजार पोती. एवढी पोती कारखान्याच्या गोदामातून ट्रकवर, ट्रकमधून धक्क्यावर आणि धक्क्यावरून वाघिणीत जायची, तीही रेल्वेने दिलेल्या मोजक्या तासांत. त्यामुळे रेकचा खरा धंदा रेक लागायच्या आधी होतो. रेक लागल्यावर जो हिशेब करायला बसतो, तो डेमरेज, म्हणजे वाघिणी मुदतीपलीकडे अडकवल्याचा आकार, भरतो.

खालची माहिती कारखान्याच्या विक्री विभागातल्या नव्या माणसासाठी, साखर उचलणाऱ्या व्यापाऱ्यासाठी आणि ट्रक लावणाऱ्या वाहतूकदारासाठी आहे. हमालांचा मुकादम वाचणार नाही. त्याला सगळे पाठच असते.

धक्का कोणता निवडायचा

मिरजेहून लोंढ्याला जाणारी सुमारे १८६ किलोमीटरची लाईन आपल्या ऊसपट्ट्याच्या मधोमध जाते: शेडबाळ, उगार खुर्द, कुडची, चिंचली, रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, गोकाक रोड, पाच्छापूर, सुळेभावी, बेळगाव, देसूर, खानापूर, लोंढा. पूर्वी ही मीटर गेज होती, आणि पुण्याकडे जायचा माल मिरजेत एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. ब्रॉडगेज झाल्यावर ती हमाली संपली. आज बेळगावकडचा भाग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो, तर मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. मागणी ज्या स्थानकावर नोंदवाल त्याच विभागाशी पुढचा सगळा व्यवहार. म्हणून सीमेवरच्या कारखान्याने आधी हे ठरवावे की आपले बोलणे हुबळीशी सोपे जाते की पुण्याशी.

सगळ्या स्थानकांवर पूर्ण रेक लागत नाही. जाऊन डोळ्यांनी बघा आणि हे विचारा:

मालाच्या लाईनीची लांबी किती? ४२ बीसीएन वाघिणी म्हणजे सहाशे ते साडेसहाशे मीटर. लाईन अपुरी असेल तर रेक दोन तुकड्यांत लावतात आणि मध्ये शंटिंगला वेळ जातो. तुकड्यांच्या भरायच्या वेळेचे घड्याळ कसे चालेल, हे माल बाबूकडून, म्हणजे धक्क्यावरच्या रेल्वेच्या कारकुनाकडून, आधीच समजून घ्या.

धक्का वाघिणीच्या तळाइतका उंच आहे का? नसेल तर फळ्या टाकून चढवावे लागते, हमाल दमतो, वेग निम्म्यावर येतो आणि टोळीचा दर चढतो.

धक्क्यावर ट्रक वळतो का, की उलटा घालावा लागतो? येणारा आणि जाणारा रस्ता वेगळा असेल तर तुम्ही नशीबवान आहात. शिवाय छप्पर किती वाघिणींपुरते आहे आणि रात्री दिवे लागतात का, तेही बघून ठेवा. रेक पहाटे दोनलाही लागतो, आणि जो धक्का चोवीस तास चालू म्हणून जाहीर आहे तिथे घड्याळ त्याच क्षणी सुरू होते.

स्थानकाच्या नावावरून अंतर ठरवू नका. चिकोडी रोड आणि गोकाक रोड ही दोन्ही स्थानके आपापल्या गावांपासून बरीच लांब आहेत. नावातला ‘रोड’ उगाच नाही. आणि माघात चिंचलीच्या मायाक्काची यात्रा असते. त्या दिवसांत कुडची-रायबागच्या बाजूला बैलगाड्यांची रांग लागते आणि ट्रकची फेरी दुपटीने लांबते. त्या आठवड्यात त्या बाजूचा रेक मागणे म्हणजे मायाक्काशीच स्पर्धा.

मागणी आणि कागद

मागणी फॉरवर्डिंग नोटवर (माल पाठवायचा अर्ज) किंवा रेल्वेच्या मालवाहतुकीच्या फॉइस या संगणक प्रणालीत ऑनलाइन नोंदवता येते; सोबत नोंदणी शुल्क. माल, वाघिणीची जात, संख्या, पोहोचण्याचे स्थानक, घेणाऱ्याचे नाव, भाडे इथे भरणार की तिथे, हे सगळे त्यातच ठरते. माल रेल्वेच्या जोखमीवर जाणार की मालकाच्या, हेही तिथेच लिहायचे असते. कमी भाड्याचा मोह होऊन मालकाच्या जोखमीचा पर्याय निवडला, तर भिजलेल्या पोत्यांची भरपाई मागताना रेल्वेची चूक सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. पावसाळ्यातल्या साखरेला तो पर्याय घेऊ नये.

पूर्ण रेकचा दर आणि सुट्या वाघिणींचा दर यांत फरक असतो. पुरेसा माल नसेल तर २० वाघिणींचा मिनी रेक किंवा दोन ठिकाणी उतरणारा रेक मिळतो का ते विचारा. दोन कारखान्यांनी मिळून एक रेक भरायचा असेल, तर नाव कोणाचे, डेमरेज कोणाचे, हे कागदावर आधी घ्या.

जून २०१८ पासून साखरेचा महिन्याचा विक्री कोटा केंद्र सरकार ठरवते. म्हणून रेकची तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येऊ देऊ नका. रेक चार दिवस उशिरा लागला तर माल पुढच्या महिन्यात जातो आणि कोट्याचे गणित विस्कटते. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत रेक मागावा, म्हणजे उशिराला जागा राहते.

ई-वे बिलात, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली काढायच्या ऑनलाइन कागदात, सीमाभागाची एक खास मेख आहे. माल पाठवणाऱ्याच्या जागेपासून पुढच्या वाहतूकदारापर्यंतचे अंतर राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंत असेल, तर त्या टप्प्यासाठी भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर भरावा लागत नाही. पण कागल किंवा गडहिंग्लजच्या बाजूच्या कारखान्याने बेळगाव जिल्ह्यातल्या धक्क्यावर साखर आणली, तर अंतर पन्नास किलोमीटरच्या आत असले तरी राज्याची हद्द ओलांडलेली असते. ही सवलत तिथे लागू होत नाही. प्रत्येक ट्रकचा नंबर भरावाच लागतो. रेक सुटल्यावर त्याच बिलात आरआरचा (रेल्वे रिसीट, म्हणजे रेल्वेची मालाची पावती) नंबर टाकायचा. रेल्वेच्या टप्प्याचा तपशील गाडी सुटल्यानंतर भरला तरी चालतो, पण उतरायच्या स्थानकावर ई-वे बिल दाखवल्याशिवाय रेल्वे माल सोडत नाही.

पोती किती भरायची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक वाघिणीची परवानगी असलेली भारक्षमता त्या मार्गासाठी किती, हे माल बाबू सांगतो. वाघिणीवर रंगवलेला आकडा आणि तो आकडा नेहमी सारखाच असेल असे नाही, सांगितलेला धरा. एकाच रेकमध्ये वेगवेगळ्या जातीच्या वाघिणी आल्या तर प्रत्येकीचा आकडा वेगळा लिहून घ्या. बीसीएनएचएल जातीचा रेक लागला तर वाघिणी ५८ असतात, एकेक आखूड, आणि सगळी गणिते नव्याने मांडावी लागतात.

आता ६३ टनांच्या वाघिणीचे गणित बघू. ६३,००० भागिले ५० म्हणजे १,२६० पोती, असे करणारा पोत्याचे स्वतःचे वजन विसरतो. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्याचे सव्वाशे ग्रॅम धरले तर भरलेले पोते ५०.१२५ किलोचे होते आणि बसतात १,२५६ पोती. तागाच्या पोत्याचे अर्धा किलो धरले तर बसतात १,२४७. साखरेचा काही हिस्सा तागाच्या पोत्यांत भरायचे बंधन १९८७ च्या ताग-वेष्टन कायद्याने आहे, तेव्हा तागाची पोती येणारच. ती सगळ्या रेकमध्ये मिसळू नका. वाघिणी वेगळ्या ठेवा आणि त्यांच्यावर खडूने मोठ्ठा ‘ता’ लिहा. तागाच्या वाघिणीत सवयीने १,२६० पोती गेली तर सहाशे किलोंहून जास्त जादा वजन झाले. पुढे चालत्या गाडीचा वजनकाटा असतोच. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे जादा वजनावर दंडाचे भाडे बसते, आणि मध्येच माल उतरवायला लावला तर तो त्रास निराळा.

कमी भरणेही तोट्याचे. भाडे ठरलेल्या किमान वजनावर लागते. रिकाम्या जागेचेही पैसे जातातच.

ट्रक आणि हमाल

ट्रकमध्ये १८ टन घातले की ३६० पोती. वाघिणीला साडेतीन ट्रक लागतात, आणि त्या अर्ध्या ट्रकमध्येच मोजणीचा घोळ होतो. चौथ्या ट्रकमधली अर्धी पोती कोणत्या वाघिणीत गेली, यावर रात्री अकराला दोन माणसे हुज्जत घालताना कुठल्याही धक्क्यावर दिसतील. त्यापेक्षा ट्रकमध्ये ३१४ पोतीच घाला. चार ट्रक म्हणजे बरोबर १,२५६ पोती, म्हणजे एक वाघीण. ट्रक क्रमांक एक ते चार पहिल्या वाघिणीला, पाच ते आठ दुसरीला. अशा फेऱ्या होतात १६८. पूर्ण भरून नेल्या तर १४७ लागल्या असत्या. वीसेक फेऱ्यांचा खर्च वाढतो हे खरे, पण तूट कुठे पडली ते त्याच ट्रकवर सापडते. ज्यांचा कारखाना धक्क्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे त्यांनी हेच करावे. चाळीस किलोमीटरवरून आणणाऱ्याने ट्रक पूर्ण भरून धक्क्यावर थप्पी लावावी आणि थप्पीतून मोजावे.

थप्पी आधी लावायची तर धक्क्यावर माल रचायची परवानगी लागते, आणि मोफत मुदतीपलीकडे माल पडून राहिला तर वारफेज लागते. डेमरेज अडकवून ठेवलेल्या वाघिणीचे, वारफेज अडवलेल्या जागेचे. दोन्ही वेगळी बिले आहेत. थप्पी लावली की हमालीही दोनदा: ट्रक ते थप्पी, थप्पी ते वाघीण. तरीही निम्मा माल आधी रचलेला असावा, असेच आमचे मत. भरायला हातात आठ तास असले आणि सगळा माल त्याच वेळात यायचा असला, तर तासाला २१ ट्रक रिकामे व्हायला हवेत, म्हणजे दर तीन मिनिटांना एक. गाळपाच्या दिवसांत, अर्धे ट्रक उसाच्या फेऱ्यांना लागलेले असताना, हे कोणाच्याने जमत नाही.

हमालांचा हिशेब असा. टोळीत आठ जण, माणशी तासाला ४० पोती धरली तर टोळी तासाला ३२० पोती भरते आणि एक वाघीण चार तासांत होते. २१ टोळ्या, प्रत्येकी दोन वाघिणी: आठ तास, १६८ माणसे. मोफत वेळ ९ तास मिळाला असे धरले तर पहिला अर्धा तास तपासणीला आणि शेवटचा अर्धा तास दारांना उरतो. तुमच्या धक्क्यावर वेळ किती, ते वाघिणीची जात आणि भरायची पद्धत यांवर ठरते. मागणी नोंदवतानाच विचारून घ्या. टोळीचा वेगही ऐकीव धरू नका. दुपारच्या उन्हात तो तासागणिक उतरतो, तेव्हा पाचव्या तासानंतर ताज्या माणसांची एक बदली टोळी हाताशी ठेवा.

डेमरेज का बोचते तेही समजून घ्या. रेकमधली शेवटची वाघीण भरून होईपर्यंत कुठलीच वाघीण मोकळी झाली असे धरत नाहीत. एकेचाळीस वेळेत झाल्या आणि एक राहिली, तरी आकारणी ४२ वाघिणींवर. तासाचा तुकडाही पूर्ण तास धरला जातो. म्हणून शेवटच्या दोन तासांत जी वाघीण मागे आहे तिच्यावर शेजारच्या दोन टोळ्या घाला. आपली वाघीण संपवून बसलेल्या टोळीला मुकादम हलवायला तयार होत नाही. त्याचे जादा पैसे सकाळीच बोलून ठेवा.

वाघीण ताब्यात घेताना

रेक लागला की पहिले काम म्हणजे लागण्याची वेळ मेमोवर बघून सही करणे. दुसरे काम वाघिणी आतून बघणे, आणि ते हमाल आत शिरायच्या आधी.

दोन माणसांनी आत जावे आणि दारे बाहेरून लावून घ्यावीत. अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. छपराचा सांधा, दाराच्या वरची कड आणि कोपरे या तीन जागा नेहमी दगा देतात. मग विजेरीने तळ बघा. आधी युरिया आला असेल तर पांढरे दाणे फटीत राहतात. तो हवेतले पाणी ओढतो आणि खालचा थर ओला करतो. सिमेंटची भुकटी पोत्याच्या शिवणीतून आत जाते. वास घ्या. कीटकनाशकाचा किंवा मासळीचा वास असलेली वाघीण साखरेला घेऊ नये, कितीही झाडली तरी. पत्र्याचे वर आलेले टोक, तुटका रिव्हेट, बाहेर आलेला खिळा हाताने चाचपून ठोकून घ्या. एक टोक दहा पोती फाडते.

वाघीण नाकारायची तर लगेच लेखी नाकारा, वाघिणीच्या अकरा आकडी नंबरासह. नंबर पूर्ण लिहा. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो; मधला एखादा आकडा चुकला तर संगणक नंबर घेत नाही, आणि त्या वेळी वाघीण निघून गेलेली असते. तीन तासांनी, अर्धी भरल्यावर केलेली तक्रार कोणी ऐकत नाही.

भरणे

तळाला प्लास्टिकचा कागद. दोन्ही टोकांकडून मधल्या दाराकडे भरत या, आणि दोन्ही टोकांचे वजन सारखे ठेवा. एका बोगीवर, म्हणजे एका टोकाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, भार जास्त झाला तर तपासणीत वाघीण अडकते. थर विटांसारखे सांधे चुकवून. दारासमोर थप्पी पायरीने उतरती घ्या आणि दारापासून हातभर मोकळे सोडा. दाराला टेकलेली पोती प्रवासात सरकतात, दार आतून दाबून धरतात, आणि पलीकडच्या धक्क्यावर दार उघडताच हमालाच्या अंगावर येतात.

पोती ओढायचा लोखंडी आकडा लावू देऊ नका. तागाच्या पोत्याला आकड्याची जुनी सवय आहे आणि तिथे भोक थोडे मिटते, पण प्लास्टिकच्या पोत्याला लागलेला आकडा वीतभर फाडतो. फाटलेले पोते वाघिणीत घालूच नका. सुई, सुतळी आणि पन्नासेक रिकामी पोती धक्क्यावर तयार ठेवा.

मोजणीला वाघिणीच्या दारात दोन माणसे, एक पाठवणाऱ्याचा, एक वाहतूकदाराचा. आपल्याकडे टोळीत निम्मे मराठी मोजतात, निम्मे कानडी, आणि जुना माणूस ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून सुरुवात करतो. त्यामुळे तोंडी मोजणीवर विसंबू नका. पाच पोत्यांना चार उभ्या रेघा आणि एक आडवी, शंभराला खडूची खूण वाघिणीच्या पत्र्यावर. कुठल्याही भाषेत ती सारखीच वाचता येते.

पावसाळ्यात दाराच्या फटीवर आतून ताडपत्रीची पट्टी लावा. वरून छपरावर चढून ताडपत्री टाकायचा विचारही करू नका. लाईनीवर विजेची तार असेल तर ती २५,००० व्होल्टची असते, आणि माणूस तिला शिवायचीही गरज नसते, जवळ गेला तरी पुरते. उभा धरलेला लांब बांबू किंवा लोखंडी गजही तितकाच जीवघेणा.

दारे, सील, आरआर

दोन्ही बाजूंची दारे लावा, खिट्टी पूर्ण बसल्याची खात्री करा, तार पिळून बांधा, सील आणि लेबल लावा. धक्क्याच्या पलीकडची बाजू अंधारात राहते आणि तिथलेच दार अर्धे लागलेले सापडते. चालत्या गाडीत उघडलेले दार शेजारच्या लाईनीवरच्या गाडीला घासू शकते. म्हणून दार नीट बसले नसेल तर गाडी सोडतच नाहीत, आणि तो उशीर तुमच्या नावावर. सीलचे नंबर वाघिणीच्या नंबरासमोर लिहून दोन प्रती करा.

आरआर हातात आल्यावर आधी शेरा वाचा. रेल्वेच्या माणसाने पोती मोजलेली नसतील तर पावतीवर ‘सेड टू कंटेन’ असा शेरा पडतो, म्हणजे ‘पाठवणारा म्हणतो तेवढी’. मग पुढे तूट आली तर नेमकी किती पोती चढवली होती हे आपल्याला सिद्ध करावे लागते. रेल्वेच्या देखरेखीखाली मोजणी हवी असेल तर तशी मागणी भरायच्या आधीच द्यायची. ती मिळाली नाही तर आपल्या मोजणीच्या कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या, सीलच्या नंबरांसह, जपून ठेवा.

रेक सुटला की घेणाऱ्याला त्याच दिवशी यादी पाठवा: वाघिणीचे नंबर, सीलचे नंबर, पोत्यांची संख्या, तागाच्या वाघिणी कोणत्या, आणि तपासणीत संशय आलेल्या वाघिणी कोणत्या. त्याला स्पष्ट सांगा, सील तुटलेले किंवा दारातून ओल दिसली तर माल उचलायच्या आधी रेल्वेच्या माणसासमोर उघडून मोजणीसह डिलिव्हरी मागायची आणि नुकसानीचा दाखला घ्यायचा. माल गोदामात नेऊन मग फोन केला तर उपयोग नाही. भरपाईची लेखी नोटीस, रेल्वे कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे, माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांत जायला हवी. हे सहा महिने पोहोचल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात.

धक्का सोडण्याआधी सांडलेली साखर झाडून घ्या. ती वेगळ्या पोत्यात भरून वजन करा आणि मोजणीच्या कागदावर लिहा. चार-पाच पोत्यांची तूट पुष्कळदा त्या झाडणीतच सापडते.